कोल्हापुरी कानांनी अरबी

कोल्हापुरात बाई 'मी जातो' म्हणते. 'मी आलो', 'मी जेवलो', 'लई दमलो'. आई म्हणते, मावशी म्हणते, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला आलेली कॉलेजची पोरगीही म्हणते. त्यात कुणाला काही खटकत नाही. खटकतं ते पुण्याला गेल्यावर. पदवीसाठी मी पुण्यात होते, तेव्हा मी तोंड उघडलं की समोरचा आधी माझं क्रियापद ऐकायचा आणि मग, जमलं तर, माझं म्हणणं. कुणी हसायचं, कुणी प्रेमानं दुरुस्त करायचं. त्यातली दुरुस्ती जास्त लागायची. हळूहळू मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात एकदा फिरवून बघायला लागले. आजही लिहिताना मी 'गेले' लिहिते आणि घरी फोनवर 'गेलो' म्हणते.

हे आधी सांगायचं कारण असं, की अरबी शिकण्याबद्दल मला जे काही सांगायचंय, ते सगळं इथूनच सुरू होतं.

इतिहासात एम.ए. करायला मी हैदराबादला गेले. दख्खनच्या सुलतानशाह्यांवर काम करायचं तर फारसी हवी, आणि फारसीच्या पोटात अरबी ठासून भरलेली. म्हणून विद्यापीठातल्या अरबीच्या वर्गात नाव घातलं. सुट्टीला घरी आले की मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांचा एकच प्रश्न : ''दुबईला जानार हाईस काय गं?'' दुसरा प्रश्न कुणी उघड विचारला नाही, पण तो डोळ्यांत दिसायचा. आपल्यातली पोरगी त्यांची भाषा कशाला शिकते? या 'त्यांची'कडं मी नंतर येते.

वर्गात उस्ताजांनी पहिल्यांदा क्रियापदाची रूपं फळ्यावर मांडली, तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. अरबी व्याकरणाची जुनी पद्धत 'तो'पासून सुरू होते. तो, ते दोघे, ते सगळे, ती, त्या दोघी, त्या सगळ्या. मग तू, तुम्ही दोघं, तुम्ही सगळे, आणि पुन्हा हेच सगळं बायकांसाठी. अशी बारा रूपं झाली की शेवटी दोन उरतात, 'मी' आणि 'आम्ही'. एकूण चौदा. पहिल्या बारांत, 'तुम्ही दोघं' सोडलं तर, बाई आणि पुरुष यांचा हिशोब फार काटेकोर आहे. शेवटच्या दोनांत तो भेदच नाही. 'ज़हब्तु' म्हणजे मी गेलो, आणि 'ज़हब्तु' म्हणजेच मी गेले. बोलणारं माणूस समोर उभं आहे, ते बाई आहे की पुरुष हे क्रियापदानं वेगळं सांगायची गरज या भाषेला वाटलेली नाही.

वर्गातल्या इतरांना त्यात काही विशेष नव्हतं. उर्दूभाषक मुलं पुढचा तक्ता उतरवायला लागली होती. मला मात्र त्या दोन ओळींपाशी थांबून राहावंसं वाटलं. जगातल्या एका अतिशय शिस्तीच्या, व्याकरणाचा अभिमान बाळगणाऱ्या भाषेत 'मी'ला लिंग नाही, आणि त्यापायी तिला कुणी गावंढळ म्हणत नाही. पुण्यात ज्याची लाज वाटायला शिकले होते, ती गोष्ट इथं फळ्यावर नियम म्हणून लिहिलेली होती.

पुढची गोष्ट कळायला जरा वेळ लागला. आम्ही शिकत होतो ती अरबी कुणाच्याच घरी बोलली जात नाही. तिला फुस्हा म्हणतात. पुस्तकं, वर्तमानपत्रं, बातम्या, भाषणं, न्यायालयाचे निकाल हे सगळं फुस्हात. पण मोरोक्कोपासून ओमानपर्यंत कुठलीच आई लेकराला फुस्हात रागावत नाही. घरात, बाजारात, भांडणात, प्रेमात चालते ती आम्मिया, म्हणजे ज्या त्या मुलखाची बोली. मूल शाळेत जाऊन फुस्हा शिकतं. चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९५९मध्ये या दुहेरी व्यवस्थेवर एक निबंध लिहिला. ग्रीक, स्विस जर्मन, हैतीची क्रेओल आणि अरबी ही त्याची चार उदाहरणं होती. त्यातल्या अरबीबद्दल वाचताना मला शब्दाशब्दाला आमची गल्ली आणि माझं पुण्यातलं कॉलेज दिसत होतं. प्रमाण मराठी आणि कोल्हापुरी यांच्यातलं अंतर अरबीतल्या अंतराएवढं मोठं नाही, हे मला कळतं. पण त्या अंतराशी चिकटलेली लाज अगदी तीच आहे.

ती लाज मी वसतिगृहात डोळ्यांनी पाहिली. आमच्या मजल्यावर सनाहून, म्हणजे येमेनच्या राजधानीतून, आलेली एक मुलगी होती, औषधनिर्माणशास्त्र शिकणारी. मी धावत तिच्याकडं गेले, बोलायला खरीखुरी अरबी मिळणार म्हणून. 'तुला काय हवंय' एवढं पुस्तकी थाटात विचारलं, 'माज़ा तुरीदीन'. तिला हसू आलं, कारण असं कुणी म्हणत नाही. तिच्या गावी 'एश तिश्ती' म्हणतात. तिनंच मग सांगितलं, दमास्कसला 'शू बिद्दिक', कैरोत 'आयझा एह', बगदादला आणखी वेगळं. सनात 'क़ल्ब'चं 'गल्ब' होतं, कैरोत पहिलं अक्षरच गळून 'अल्ब' उरतं. हे सगळं उत्साहानं सांगून झाल्यावर ती म्हणाली, ''पण तू माझ्याकडून नको शिकू. मी बोलते ती बरोबर अरबी नाही.''

हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा बोलले होते. ''माझी मराठी जरा तिकडचीच आहे हं,'' असं पुण्यात आधीच सांगून मोकळी व्हायचे. एका प्राचीन शहरात जन्मलेली, अरबी हीच जिची मातृभाषा आहे, ती मुलगी परदेशी विद्यार्थिनीपुढं आपल्या भाषेबद्दल माफी मागत होती. मी तिला माझ्या 'जातो'ची गोष्ट सांगितली. त्यानंतर ती माझ्याशी सनाचीच बोली बोलली, आणि माझ्याकडून हट्टानं कोल्हापुरी मराठी शिकली. ''काय करालईस?'' हे ती इतकं झकास म्हणायची, की फोनवर ऐकून माझी मावशी चाट पडली.

याच सुमारास वर्गात अरबी व्याकरणाचा इतिहास सुरू झाला. मी तर म्हणेन, अरबी शिकणाऱ्या प्रत्येकानं तक्ते पाठ करण्याआधी तो ऐकावा. आठव्या शतकात इराकमधल्या बसरा आणि कुफा या दोन शहरांत व्याकरणाच्या दोन परंपरा उभ्या राहिल्या. बसऱ्याचा सर्वांत मोठा व्याकरणकार सीबवैह हा जन्मानं अरब नव्हता, फारसी होता. त्याच्या ग्रंथाला नुसतं 'अल्-किताब' म्हणतात, म्हणजे 'पुस्तक'. त्याचा गुरू अल्-खलील इब्न अहमद. यानं अरबीचा पहिला मोठा शब्दकोश रचायला घेतला, तो अलिफ या पहिल्या अक्षरापासून नव्हे, तर उच्चार तोंडात जिथं होतो त्या क्रमानं. घशातल्या अगदी खोल 'ऐन' या अक्षरापासून सुरुवात आणि मग बाहेर ओठांकडं. क, ख, ग कंठातून आणि प, फ, ब ओठांवर, असा आपल्या वर्णमालेचाही प्रवास आहे. हा योगायोग की विचारांची देवाणघेवाण, यावर अभ्यासकांत वाद आहेत. 'ऐन'चा उच्चार मात्र मला याच विचारानं साधला. जीभ विसरायची आणि 'क'च्याही मागं जायचं.

सीबवैहची एक कथा जुन्या ग्रंथांतून सांगितली जाते. तो बगदादला आला तेव्हा वझीर याह्या बर्मकी याच्या दरबारात कुफ्याचा अल्-किसाई आणि तो यांच्यात वाद लागला. प्रश्न गांधीलमाशीचा होता. 'मला वाटायचं विंचू गांधीलमाशीपेक्षा जोरात डसतो, पण बघतो तर दोघी सारख्याच', अशा अर्थाच्या वाक्यात शेवटचं सर्वनाम कुठल्या विभक्तीत घ्यायचं? दोघे विद्वान अडून बसले. निवाडा करायला बोलावलं कुणाला, तर दाराबाहेर थांबलेल्या बदाऊंना, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांना. त्यांनी किसाईच्या बाजूनं कौल दिला. त्यांना फितवलं होतं असंही सांगतात. सीबवैह खचून इराणला परत गेला आणि तरुण वयातच वारला.

मला या कथेतलं कारस्थान फारसं महत्त्वाचं वाटत नाही. मला महत्त्वाचं वाटतं, की दोन थोर पंडितांमधला तंटा सुटेना तेव्हा साक्ष काढली ती तंबूत राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या कानाची. शुद्धतेचे नियम लिहायला निघालेले हे लोक वाळवंटात जायचे, बदाऊंच्या टोळ्यांत बसायचे आणि त्यांचं बोलणं, त्यांच्या कविता टिपून आणायचे. ज्या फुस्हापुढं आज सनाची मुलगी मान खाली घालते, ती फुस्हा अशाच कुणाच्या तरी घरच्या बोलण्यातून घडली. म्हणून मला शुद्ध-अशुद्धाचा धाक आता वाटत नाही. नियम मात्र हवेसे वाटतात. फुस्हामुळंच कासाब्लांकाचा वाचक मस्कतचं पुस्तक वाचतो, हजार वर्षांपूर्वीचं गद्य आजचा विद्यार्थी थेट वाचतो. इतकं मोठं घर एका भाषेनं उभं ठेवलंय, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. फक्त त्या घरात शिरताना आईची बोली पायरीवर काढून ठेवावी, असं कुणी सांगू नये.

वर्गात मदरशातून आलेली काही मुलं होती. त्यांना वाक्य दाखवलं की शेवटचा स्वर 'उ' की 'अ' की 'इ', हे ती क्षणात सांगायची. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. 'क-त-ब' एवढंच छापलेलं असतं. ते 'कतब' म्हणजे त्यानं लिहिलं, 'कुतिब' म्हणजे लिहिलं गेलं, की 'कुतुब' म्हणजे पुस्तकं, हे वाक्य समजल्याशिवाय वाचता येत नाही. आधी अर्थ, मग उच्चार. ही मुलं नसती तर माझा निभाव लागला नसता. संध्याकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी माझ्याकडून पानंच्या पानं वाचून घेतली.

संस्कृतीचा जो पेपर होता, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. उंट, खजूर, पाहुणचार. त्यापेक्षा बार्कसला जाऊन जास्त कळलं. हैदराबादची ही वस्ती निजामाच्या पदरी असलेल्या हद्रमौती, म्हणजे दक्षिण येमेनच्या, शिपायांची. एका मोठ्या ताटाभोवती बसून मंदी, म्हणजे येमेनी पद्धतीचा मांस घातलेला भात, खाताना माझी सनाची मैत्रीण तिथल्या बायकांची आडनावं ऐकत होती आणि प्रत्येक आडनाव येमेनमधल्या कुठल्या भागाकडचं असेल ते सांगत होती. त्या बायका दखनी उर्दू बोलत होत्या. कॉफीची रीतही मी तिच्याकडूनच शिकले. आखाती देशांत कान नसलेली छोटी वाटी पुन्हा पुन्हा भरली जाते, आणि पुरे झालं की ती हातात जराशी हलवून दाखवायची, तोंडानं 'नको' म्हणायचं नाही.

आता 'त्यांची'कडं येते.

शिक्षण संपवून कोल्हापूरला परतले. मामांकडं भुदरगडाकडच्या जमिनीचे जुने कागद होते, सगळे मोडीत. ते वाचता यावेत म्हणून मामा आणि मी दोघंही मोडीच्या वर्गाला जायला लागलो. तिथं एके दिवशी गुरुजींनी कालगणना काढली आणि समोरची मंडळी एका सुरात म्हणायला लागली : ''इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर…'' निवृत्त तलाठी, शिक्षिका, वकिलाकडचे कारकून, सगळे अरबी आकडे म्हणत होते.

हा शुहूर सन. चौदाव्या शतकात, तुघलकांच्या काळात, तो दख्खनेत सुरू झाला. हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे ३५४ दिवसांचं, ते दरसाल मागं सरकतं. पीक मात्र सूर्यावर येतं. सारा पिकावर घ्यायचा तर वर्षही पिकाचं हवं. म्हणून शुहूर सन सूर्य मृगात शिरला की सुरू होतो, आणि त्याचं दुसरं नाव मृगसाल. म्हणजे वर्षाचं नाव अरबी आणि त्याची सुरुवात आमच्या शेतकऱ्याच्या पेरणीची. बहमनी, आदिलशाही, शिवशाही, पेशवाई, राज्यं बदलली तरी कागदांवर हा सन चालत राहिला. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या दिवसांसाठी ६००. पानिपत १४ जानेवारी १७६१चं, म्हणजे शुहूर ११६१. कागदात ते 'इहिदे सितैन मया व अलफ' असं येतं : एक, साठ, शंभर आणि हजार.

मामांच्या एका कागदावर 'सीत सबैन मया व अलफ' होतं. सहा, सत्तर, शंभर, हजार. शुहूर ११७६, म्हणजे १७७५-७६. मामांनी बोटांवर हिशोब करून ते चटकन काढलं. मी मात्र 'सीत'पाशी अडकले होते.

अरबीत नुसती मोजदाद करताना 'सलासा, अर्बआ, खम्सा, सित्ता' म्हणतात, शेवटी 'आ'ची शेपटी लावून. आणि इथं एक असा नियम येतो जो शिकणाऱ्याला रडवतो. तीन ते दहा या आकड्यांचं लिंग मोजलेल्या वस्तूच्या उलट असतं. पुरुष मोजायचे तर आकडा स्त्रीलिंगी, 'सलासतु रिजाल'. बायका मोजायच्या तर आकडा पुल्लिंगी, शेपटी काढून, 'सलासु निसा'. एक आणि दोन मात्र सरळ वागतात. अरबी मातृभाषा असलेली माणसंसुद्धा फुस्हा लिहिताना इथं चाचपडतात. आता वर्षाला अरबीत 'सना' म्हणतात आणि ती स्त्रीलिंगी आहे. म्हणजे नियमानुसार तीनसाठी शेपटी नसलेलं 'सलास' हवं, पाचसाठी 'खमस', सहासाठी 'सीत'. आणि एकसाठी 'वाहिद' न घेता 'इह्दा' हे स्त्रीलिंगी रूप हवं.

आमच्या मोडी कागदांत नेमकं तेच आहे. इहिदे, सलास, खमस, सीत. ज्या कारकुनानं भुदरगडाकडच्या त्या जमिनीचा कागद लिहिला, त्यानं कधी अरबी बोलणारं माणूस पाहिलंही नसेल. पण चारशे वर्षं हातातून हातात आलेलं ते रूप त्यानं जसंच्या तसं जपलं. बगदादच्या पंडितानं कान धरू नये इतकं नीट. मामांना हे सांगितलं तर त्यांनी तो कागद परत हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ''म्हंजे आपल्या माणसाला व्याकरन कुनी शिकवलं न्हाई, तरी त्यानं चुकवलं न्हाई.''

मग ही भाषा 'त्यांची' कशी? पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६चा एक संस्कृत ताम्रपट सांगतो, की राष्ट्रकूटांच्या वतीनं संजाणचा कारभार एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी बघत होता. त्याचं नाव ताम्रपटानं संस्कृतात 'मधुमती' असं घेतलंय, अभ्यासक ते मोहम्मद असं वाचतात, आणि तिथल्या मठाला दिलेल्या दानाची ती नोंद आहे. कोल्हापुरात दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग उभं आहे. शाहू महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी १९०६मध्ये संस्था उभी केली, त्यातलं हे काम. महाराजांनी कुराण मराठीत यावं म्हणून पैसा आणि माणसं लावली, हेही कोल्हापूरकर अभिमानानं सांगतात. आपल्या प्रजेतल्या माणसाला त्याचा धर्मग्रंथ मायबोलीत कळावा, असं वाटणारा राजा या गावाला लाभला. मोहरमला इथल्या कितीतरी तालमींत पंजे बसतात आणि त्यांची सेवा करणाऱ्यांत हिंदू घरं असतात. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे, आणि तिथून जाताना लहानपणापासून आम्ही दोघांनाही नमस्कार करतो. हे सगळं डोळ्यांसमोर असणाऱ्या गावानं अरबीला परकी म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. आणि भाषा काय एका धर्माची नसतेच. अरबीचा पहिला मोठा आधुनिक ज्ञानकोश काढायला घेणारा बुत्रुस अल्-बुस्तानी हा बैरूतचा ख्रिस्ती होता. ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदिसनं तत्त्वज्ञानावरचा आपला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ अरबीतच लिहिला.

विद्यापीठांबद्दल माझी एक तक्रार आहे, ती कुठल्या एका विद्यापीठाबद्दल नाही. आपल्याकडं अरबी एका विभागात शिकवतात, इतिहास दुसऱ्या, मराठी तिसऱ्या, आणि मोडी तर बहुतेकदा विद्यापीठाबाहेरच. मोडी वाचणाऱ्याला सनाचे आकडे पाठ असतात, पण त्यामागचा नियम माहीत नसतो. अरबीच्या विद्यार्थ्याला नियम येतो, पण आपल्याच जिल्ह्यातल्या दफ्तरखान्यात तो लाखो कागदांवर चालू आहे, हे त्याच्या गावीही नसतं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर दरबाराच्या कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवलेले आहेत. ते उघडायला दोन्हीकडची माणसं एका टेबलाशी बसायला हवीत.

म्हणून सध्या मी एवढंच करते आहे. मोडीच्या वर्गाला जोडून रविवारी सकाळी थोडी अरबी घेते. अठ्ठावीस अक्षरं, आकडे, आकड्यांचा तो उलटा नियम, महिन्यांची नावं, आणि दफ्तरात नेहमी येणारे 'मजकूर', 'बिन', 'छ' यांसारखे शब्द आणि खुणा. 'छ'च्या पुढं चंद्राची तारीख येते, हे मोडीवाल्यांना आधीच ठाऊक असतं. त्याच्यामागून येणारे मोहरम, सफर, रबिलावल मात्र आता ते अर्थासकट वाचतात. वर्गात बायका जास्त आहेत. चौदा रूपांचा तक्ता मी त्यांना उलटा शिकवते, 'तो'पासून न करता 'मी'पासून. पहिल्या दिवशी 'ज़हब्तु' फळ्यावर लिहिलं आणि अर्थ विचारला, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, ''मी गेलो.'' मी 'बरोबर' म्हटलं आणि पुढच्या रूपाकडं वळले.